स्कोर किती आला?

२०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत, कोरोनाच्या लाटेत, काटोल-नरखेडपासून नागपूरपर्यंत ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच प्रश्न होता: स्कोर किती आला? छातीचा एचआरसीटी (बारीक तपशील दाखवणारा सीटी स्कॅन) काढायचा, अहवालाच्या शेवटी लिहिलेला आकडा नातेवाइकांना फोनवर कळवायचा आणि त्यावरून खाट शोधायची की घरीच थांबायचं हे ठरवायचं, असे ते दिवस होते.

आकड्याचा हिशेब साधा. उजव्या फुफ्फुसाचे तीन खंड, डाव्याचे दोन. प्रत्येक खंडाचा किती भाग आजाराने व्यापला त्यानुसार ० ते ५ गुण, एकूण २५. या तपासणीने पुष्कळांना वाचवलं. आरटी-पीसीआर निगेटिव्ह आणि रुग्णाला धाप लागलेली, अशा वेळी दोन्ही फुफ्फुसांच्या कडेने पसरलेले धूसर डाग पाहून डॉक्टरांना उपचार सुरू करता आले. राज्य सरकारनेही सप्टेंबर २०२० मध्ये एचआरसीटीचे दर यंत्राच्या क्षमतेनुसार २,००० ते ३,००० रुपयांवर बांधून दिले, ते योग्यच झालं.

घोळ झाला तो आकड्यावरच्या अतिविश्वासाने. तापाच्या दुसऱ्या दिवशी स्कोर २ आला की घरचे निर्धास्त होत. आजार मात्र बऱ्याचदा दुसऱ्या आठवड्यात उचल खाई. उलट ऑक्सिजन ९८ असलेला, चालता-बोलता माणूस ९ किंवा १० आकडा ऐकून खचून जाई आणि स्टेरॉइडसाठी डॉक्टरांच्या मागे लागे. खरं तर ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने २०२० मध्येच दाखवून दिलं होतं की, डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा फायदा ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांना होतो, इतरांना होत नाही. म्हणजे स्टेरॉइड द्यायचं की नाही हा निर्णय बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर अवलंबून होता. दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी ३ मे २०२१ रोजी सौम्य आजारात सीटी काढू नका असं जाहीर सांगितलं. लक्षणं नसलेल्या कित्येकांच्या फुफ्फुसांतही डाग दिसतात आणि उपचारांविना जातात, हे त्यांनी लक्षात आणून दिलं. सीटीच्या किरणोत्साराची त्यांनी एक्स-रेशी केलेली तुलना रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेला मान्य नव्हती, पण मूळ सल्ला शहाणपणाचा होता.

तपासणी लिहून देताना आणि करून घेताना एक प्रश्न विचारलाच पाहिजे, असं मला वाटतं: चित्रात काय निघालं तर आपण वेगळं काय करणार?

लकव्याच्या रुग्णाच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर मिनिटांत द्यावं लागतं. मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीने बंद पडली तरी अर्धं अंग जातं आणि फुटली तरी जातं. नुसतं तपासून हा फरक खात्रीने ओळखता येत नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत द्यायचं असतं. तेच रक्तस्राव झालेल्याला दिलं तर जिवावर बेतेल. अभियंते गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या अ‍ॅटकिन्सन मोर्ली रुग्णालयात पहिल्यांदा रुग्णाच्या मेंदूचं चित्र घेतलं आणि पुढे ही कोंडी फुटली. सीटीवर ताजं रक्त पांढरंशुभ्र दिसतं.

मात्र गुठळीमुळे झालेल्या लकव्यात पहिल्या काही तासांत सीटी अगदी नॉर्मल दिसू शकतो. ‘रिपोर्टमध्ये काहीच निघालं नाही’ म्हणून नातेवाईक रुग्णाला घरी न्यायला निघतात, आणि डॉक्टरांना त्याच कोऱ्या चित्राची गरज असते. रक्तस्राव नाही, म्हणजे इंजेक्शन देता येईल. काटोलहून नागपूर सुमारे ६० किलोमीटर. तालुक्यातल्या आतल्या गावातून गाडी मिळवून निघायचं तर साडेचार तासांतला मोठा वाटा रस्त्यावरच जातो, आणि उपचार न मिळालेल्या मोठ्या झटक्यात दर मिनिटाला मेंदूतल्या जवळपास १९ लाख पेशी मरतात. म्हणून तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर मालिश किंवा गावठी औषधात वेळ घालवू नये. १०८ला फोन करतानाच, सीटी चालू असलेलं रुग्णालय कोणतं, हे विचारून घ्यावं.

हाच प्रश्न क्षयरोगाबाबत विचारला, तर जुना साधा एक्स-रेच मोलाचा ठरतो आहे. २०१९ ते २०२१ दरम्यानच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के फक्त लक्षणं विचारून सापडलेच नसते. छातीचा एक्स-रे काढला म्हणून ते पुढे आले. एक्स-रे संशय दाखवतो, खात्री थुंकीच्या तपासणीने होते. आता हातात धरता येणारी यंत्रं गावात नेता येतात, ही मोठीच सोय.

विदर्भासाठी मला सर्वांत जिव्हाळ्याची वाटते ती सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलांची तपासणी, कारण तिच्याबद्दल फारच कमी बोललं जातं. सिकलसेलमुळे लहान वयातही लकवा होऊ शकतो. कानशिलाजवळच्या पातळ हाडातून सोनोग्राफीच्या लहरी सोडून मेंदूच्या रक्तवाहिन्यांतल्या प्रवाहाचा वेग मोजता येतो. या तपासणीला ट्रान्सक्रेनियल डॉपलर म्हणतात. सुई नाही, किरणोत्सार नाही. वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त भरला तर धोका मोठा. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी ‘स्टॉप’ चाचणीत अशा १३० मुलांपैकी निम्म्यांना नियमित रक्त दिलं. त्यांच्यात एकालाच लकवा झाला. उरलेल्यांत ११ जणांना. नियमित रक्त देणं जमत नसेल, तर हायड्रॉक्सियुरिया या औषधाचा पर्याय आहे.

सोनोग्राफी यंत्रावर आपल्याकडे कायद्याची कडक नजर आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सर्वांत आधी कायदा केला, आणि यंत्रांच्या नोंदणीची अट सैल करू नये. नोंदणीकृत केंद्रातच हे डॉपलर शिकलेला तंत्रज्ञ ठेवता येईल. १ जुलै २०२३ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत रक्ताच्या चाचण्या गावोगाव होत आहेत. त्यांत आजार निघालेल्या २ ते १६ वर्षांच्या प्रत्येक मुलाची वर्षातून एकदा ही तपासणी व्हावी. काटोलच्या पालकांनी पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारावं: आमच्या लेकराचा डॉपलर कधी करायचा?