जोडीदार बदलणारे तारे

हिवाळ्यातल्या रात्री मुरगूडला वेदगंगेच्या काठावरून दक्षिणेकडे पाहा. मृग नक्षत्राच्या खाली शशक, त्याच्याही खाली कपोत हा मंद तारकासमूह. तिथे एनजीसी १८५१ हा लाखो ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ आहे, सुमारे ३९ हजार प्रकाशवर्षं दूर. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. दुर्बिणीत धुरकट ठिपका तेवढा दिसतो.

त्या ठिपक्यातला नियम एकच, न्यूटनचा: प्रत्येक तारा प्रत्येकाला ओढतो. पण दहा लाख तारे घेतले तर जोड्या होतात पन्नास हजार कोटी, आणि तारे जरासे सरकले की हिशेब पुन्हा पहिल्यापासून! सेबास्टियन फॉन होर्नर यांनी १९६० मध्ये हा हिशेब संगणकाला घातला, तेव्हा तारे होते फार तर सोळा. दहा लाख ताऱ्यांची अब्जावधी वर्षांची वाटचाल एकेक तारा धरून मांडायला २०१६ उजाडलं.

अशा गणितांतून दिसणारं एक वागणं मला दर वेळी थक्क करतं. काहिलीतला उसाचा पाक आचेवरून उतरवला की निवतो. गुच्छाचा गाभा उलट वागतो. ऊर्जा गमावली की तो आक्रसतो, आणि आक्रसला की त्यातले तारे आणखी वेगाने धावतात. थंड व्हायचा तो तापतच जातो. ही घसरण आवरतात जोडतारे. घट्ट जोडीजवळून तिसरा तारा गेला की जोडी बहुधा आणखी घट्ट होते आणि सुटलेली ऊर्जा घेऊन तो पाहुणा भिरकावला जातो. कधी मात्र जड पाहुणा हलक्या जोडीदाराला हुसकावून स्वतःच तिथे ठाण मांडतो.

अशा अदलाबदलीची खूण सापडली ती जुन्नर तालुक्यातल्या खोडदला. तिथल्या जीएमआरटी दुर्बिणीने २००४ मध्ये याच गुच्छात सेकंदाला दोनशे गिरक्या घेणारा स्पंदक, म्हणजे रेडिओ स्पंद सोडणारा न्यूट्रॉन तारा, टिपला. जोडीदाराचं द्रव्य ओढून असे तारे वेग घेतात. मागे उरतो तो जोडीदाराचा गाभा, म्हणजे हलका श्वेत बटू, आणि कक्षा जवळजवळ वर्तुळाकार. इथे मात्र कक्षा इतकी लांबट की दूरच्या टोकाचं अंतर जवळच्या टोकाच्या सतरा पट, आणि सोबतीही जड. म्हणजे पहिला जोडीदार केव्हाच हाकलला गेला असणार.

२०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या मीरकॅट दुर्बिणीने त्याच गुच्छातला, असाच जोडीदार बदललेला असावा असा आणखी एक स्पंदक जाहीर केला. त्याच्या सोबत्याचं वस्तुमान सूर्याच्या दोन ते पावणेतीन पट भरतं: न्यूट्रॉन ताऱ्याला जास्त, कृष्णविवराला कमी.