भिंत चालली, बाहुला बोलला

निर्जीव वस्तूला वाचा फुटली तर मराठी माणसाला फारसे आश्चर्य वाटत नाही. वाघावर बसून आलेल्या चांगदेवांना सामोरे जाण्यासाठी ज्ञानदेवांनी भिंत चालवली, ही गोष्ट आपण दहीभाताच्या घासाबरोबर ऐकलेली असते. विक्रमादित्याच्या सिंहासनावरच्या बत्तीस पुतळ्या एकीमागून एक बोलू लागतात, यातही लहानपणी कुणाला काही खटकत नाही. आणि दर भाद्रपदात आपण शाडूची मूर्ती घरी आणतो, तिची प्राणप्रतिष्ठा करतो, दीड दिवस तिच्याशी घरच्या वडीलधाऱ्यासारखे वागतो आणि मग डोळे पुसत तिला पाण्यात सोडतो. काल भाव करून घेतलेली माती आज देव होते आणि परवा पुन्हा माती. हा प्रवास आपल्याला तोंडपाठ आहे.

त्यामुळे पडद्यावर वस्तू चालू-बोलू लागल्या तेव्हा आपला प्रेक्षक आधीच तयार होता. प्रभातच्या १९४० सालच्या ‘संत ज्ञानेश्वर’ चित्रपटात भिंत खरोखरीच चालली. ती दामले-फत्तेलाल यांची आणि कॅमेऱ्याची करामत आहे, हे जाणत्या प्रेक्षकाला कळत नव्हते असे नाही. पण प्राणप्रतिष्ठेच्या वेळी मूर्ती मातीची आहे हेही आपल्याला कळत असतेच की! कळूनही मानणे, ही आपली जुनी सवय. प्रश्न आहे तो प्राण कुणी फुंकले याचा. त्या फुंकणाऱ्याकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही.

या कामाचा आरंभ आपल्याकडे एका वाटाण्याने झाला. १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन परतलेल्या दादासाहेब फाळके यांना चित्रपटासाठी पैसे उभे करायचे होते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ त्याच्या वाढीचे रोज थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर तो वाटाणा मिनिटाभरात उगवून वर आला. ‘अंकुराची वाढ’ नावाचा तो तुकडा पाहूनच फाळक्यांना कर्ज मिळाले आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. कच्च्या फिल्मच्या कडेला भोके पाडण्याचे किचकट काम घरीच, अंधारात करावे लागे. ते सरस्वतीबाई करीत.

वाटाणा निदान सजीव तरी होता. १९१५ साली फाळक्यांनी थेट आगकाड्याच नाचवल्या. ‘आगकाड्यांची मौज’ हे त्या छोट्या चित्रपटाचे नाव. एमिल कोल या फ्रेंच कलावंताने १९०८ साली असाच प्रयोग केला होता. कृती म्हटली तर सोपी. काडी ठेवायची, एक चित्र घ्यायचे, काडी केसभर सरकवायची, पुन्हा एक चित्र. मूकपटाचा वेग सेकंदाला सोळा चौकटी धरला, तर एका मिनिटासाठी ९६० चित्रे! मध्येच शिंक आली आणि काड्या विस्कटल्या, की गेले सगळे मुसळ केरात. पडद्यावर काडी आपल्या मर्जीने चालताना दिसते. प्रत्यक्षात तिच्या एकेका पावलामागे माणसाच्या बोटांचा स्पर्श असतो, आणि कॅमेरा उघडण्याआधी ती बोटे बाजूला झालेली असतात.

बाहुल्याच्या बाबतीत तर तो माणूस आपल्या समोरच बसलेला असतो, तरीही दिसत नाही. यशवंत पाध्ये यांचा अर्धवटराव आज शंभरी ओलांडलेला आहे. रामदास पाध्ये यांनी १९६७ साली तो हाती घेतला आणि पुढे त्यांनी आणि त्यांच्या बाहुल्यांनी घराघरांतला दूरदर्शनचा पडदा जिंकला. अर्धवटराव मालकाचा पाणउतारा करतो, आपण हसतो आणि हसताना पाहतो ते बाहुल्याकडे. यामागे शास्त्र आहे. कानावर आवाज पडला, की जे ओठ हलताना दिसतात त्यांच्याच नावावर मेंदू तो आवाज जमा करून टाकतो. चित्रपटगृहातही ध्वनी येतो कर्ण्यांतून, आणि आपल्याला वाटते नायिका बोलते आहे! म्हणजे सिनेमाला जाणारा प्रत्येक जण रोजच शब्दभ्रमाचा खेळ पाहत असतो.

शब्दभ्रमकाराची खरी परीक्षा घेतात ती आपल्या वर्णमालेतली ओष्ठ्य अक्षरे. प, फ, ब, भ, म यांसाठी ओठ मिटावेच लागतात. ओठ न हलवता ही अक्षरे काढायला वर्षानुवर्षे रियाज लागतो. आमची पालघर आणि बोईसर ही दोन्ही नावे त्या दृष्टीने अवघडच. आणि ‘पाध्ये’ तरी कुठे सोपे आहे?

१९९३ साली महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ आला. दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू मरताना मंत्राच्या बळावर बाहुल्यात शिरतो आणि लक्ष्मीकांत बेर्डेंच्या भोळ्या लक्ष्याच्या मागे लागतो. कल्पनेचे मूळ १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या इंग्रजी चित्रपटात होते, पण बाहुला मात्र अस्सल मराठी झाला. त्या वर्षी आमच्याकडे सुट्टीला आलेल्या भाचीने हा चित्रपट पाहिला आणि आठवडाभर आपली बाहुली तोंड भिंतीकडे करून झोपवली. मी तिला सांगितले, की त्या बाहुल्यामागे रामदास पाध्ये आहेत, आणि पापडाच्या जाहिरातीतल्या ज्या सशाला तू हसतेस, तोही त्यांचाच. तिने बराच वेळ विचार केला आणि विचारले, “मामा, मग ससा का नाही चावत?” प्रश्न बिनतोड होता. हात तोच, त्या हाताने एकीकडे भीती फुंकली, दुसरीकडे हसू. त्या रात्री बाहुलीचे तोंड पुन्हा खोलीकडे झाले. भूत आहे की नाही या वादात न पडता, हात दाखवल्याने काम झाले होते.

हा हात ओळखण्याचे शिक्षण आमच्या भागात फार जुने आहे. बोईसर म्हटले, की लोकांना कारखान्यांची वसाहत आणि १९६९ पासून वीज देऊ लागलेले तारापूरचे अणुकेंद्र आठवते. पण २०१४ साली झालेल्या आमच्या पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडे उन्हाळ्यात बोहाडा रंगतो. रात्रभर टेंभ्यांच्या उजेडात, वाद्यांच्या ठेक्यावर देवांची आणि राक्षसांची सोंगे नाचत येतात. मुखवटा चढवण्याआधी त्याची पूजा होते. तो चढला, की रोजच्या ओळखीच्या माणसापुढे गावकरी हात जोडतात. मुखवट्याआडचा माणूस कुणाचा कोण, हे तिथल्या पोरालाही ठाऊक असते. त्याने श्रद्धा उणावत नाही आणि मौजही.

वारल्यांच्या भिंतीवरचा लग्नाचा चौकही तसाच. सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघाट देवी येते, धवलेरी गाणी म्हणून देवांना बोलावते. एरवीच्या चित्रांतला तारपा नाच पाहा. गोल फेर धरलेल्या प्रत्येक माणसाचा पाय मागच्याहून जरा वेगळा पडलेला असतो. नजर फेरावरून फिरवली, की जणू एकच नाचणारा पुढे सरकत जातो. फाळक्यांच्या आगकाडीची युक्ती ती हीच! गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणून जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. २०१४ साली वारली चित्रांना भौगोलिक मानांकनही मिळाले. आज हीच त्रिकोणी माणसे जाहिरातींत आणि अ‍ॅनिमेशनमध्ये पळताना दिसतात. ती कुणाच्या भिंतीवरून उतरली, हे पडद्यावर क्वचितच लिहिलेले असते.

१९९५ साली ‘टॉय स्टोरी’ने पूर्ण लांबीचा चित्रपट संगणकावर घडवला आणि खेळण्यांना नवा जन्म दिला. त्यामागेही शेकडो माणसांचे हात होते. आता चार ओळी लिहून दिल्या, की संगणक हलते चित्र हातावर ठेवतो. सोय मोठी आहे, तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. काळजी वाटते ती वेगळीच. हात दिसेनासा झाला, की पाहणाऱ्या मुलाच्या मनात ‘हे मलाही जमेल’ हा विचारही उगवत नाही. मग त्याच्या वाट्याला फक्त पाहणे उरते. आणि जे केवळ पाहायचे असते, त्याने घाबरवले तर घाबरायचे, हसवले तर हसायचे, एवढेच आपल्या हाती राहते.

यावर उपाय मात्र स्वस्त आहे. येत्या रविवारी आगपेटीतल्या काड्या गूळ काढून ताटात मांडा. मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवून घट्ट ठेवा. मुलांना काडी केसभर सरकवू द्या आणि प्रत्येक वेळी एक छायाचित्र घेऊ द्या. सेकंदाला बारा चित्रे धरली तरी दहा सेकंदांना १२० लागतील. तासभर जाईल, भांडणे होतील, कुणाचा तरी कोपर लागून सगळे विस्कटेल. पुन्हा मांडा. चित्रे ओळीने पळवली, की काडी चालू लागेल, आणि ती कुणी चालवली हे विचारण्याची गरज पडणार नाही. घरातली सगळीच बोटे पुढे होतील.