पट्टकिलापासून पाटलापर्यंत

खानदेशात गावोगावी आढळणारे 'पाटील' हे आडनाव मुळात घराण्याचे नसून पदाचे नाव होते, आणि त्याचा एक ठळक जुना पुरावा सातपुड्यापलीकडे माळव्यात सापडतो. परमार राजांच्या दहाव्या-अकराव्या शतकांतील ताम्रपटांत, भूमिदानाची वार्ता ज्यांना कळवायची त्यांच्यात 'पट्टकिल' येतो. 'पट्ट' म्हणजे जमिनीविषयीचा राजलेख, आणि त्याच्याशी जोडलेला हा पट्टकिल म्हणजे गावचा प्रमुख. प्राकृतात मधला 'क' गळाला, आणि 'सप्त'चे 'सत्त' होऊन मराठीत जसे 'सात' झाले तसा 'पट्ट'मधील जोड 'ट' सुटा होऊन आधीचा स्वर लांबला. अशा रीतीने मराठीत 'पाटील' घडला, गुजरातीत 'पटेल'.

मूळ एकच असले तरी रूपांच्या सीमा राज्यांच्या सीमांशी जुळत नाहीत. कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांत वीरेंद्र पाटील आणि जे. एच. पटेल हे दोघेही होऊन गेले, तर हैदराबाद संस्थानात महसुलाचे काम पाहणाऱ्यास 'माली पटेल' म्हणत. 'पाटीदार' मात्र वेगळा शब्द आहे: पाटी म्हणजे जमिनीचा हिस्सा, तो धारण करणारा पाटीदार. पटेल आणि पाटीदार यांची गल्लत वारंवार होते, ती टाळली पाहिजे.

गुजरात, माळवा आणि दख्खन यांच्या सांध्यावरील खानदेशात दोन्ही रूपे शेजारी नांदतात; बोदवडजवळच्या नाडगावात १९३४ साली जन्मलेल्या माजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील आणि शिरपूरचे अमरीशभाई पटेल ही त्याची परिचित उदाहरणे. लेवा, मराठा, गुजर अशा अनेक समाजांत पाटील आहेत, म्हणून केवळ आडनावावरून जात ओळखण्याचा खटाटोप येथे फसतो.

बास्क भाषेतील 'एचेबेरिया' या आडनावाचा प्रवास याच जातीचा आहे. त्याचा अर्थ 'नवे घर'. स्पॅनिशमध्ये ते 'एचेवेरिया' झाले, फ्रेंचमध्ये 'एचेव्हेरी', आणि त्याच मुळापासून आलेले स्पेनच्या नाव्हारमधील 'झेवियर' या किल्ल्याचे नाव १५४२ साली गोव्यात उतरलेल्या फ्रान्सिस झेवियर यांच्यासोबत भारतात आले. तेथे घराने नाव दिले, येथे वतनाने, म्हणजे वंशपरंपरागत हक्काने. म्हणूनच उत्तरेत मोठी सत्ता गाजवणारे महादजी शिंदे 'पाटीलबाबा' म्हणवले जात.

महाराष्ट्रात महसुली पाटलांचे पद १९६२ च्या कायद्याने संपले. त्या कायद्याच्या इंग्रजी नावात शब्द आहे तो 'पटेल'. पोलीस पाटलाचे पद मात्र १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याखाली आजही आहे, पण ते नेमणुकीने मिळते.

अशा वतनांचे जुने कागद शोधणारे इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांचे १९२६ साली खानदेशातील धुळ्यात निधन झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ पुढच्याच वर्षी तेथे उभे राहिले. ज्या घरांत पाटीलकीचे मोडी कागद अजून पेटीत पडून आहेत, त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. वाचू शकणाऱ्या जाणकाराला आधी दाखवावेत.