कॅमेऱ्यातून संगणकात

पूर्वी छायाचित्र काढले म्हणजे निगेटिव्ह हाती येत असे. भिंतीवरचे चित्र ओल लागून खराब झाले, तरी निगेटिव्ह जपलेले असल्यास दुसरी प्रत निघे. डिजिटल कॅमेऱ्यात ती सोय उरली नाही. जे काही आहे ते नखाएवढ्या मेमरी कार्डावर, आणि तेथून ते संगणकात नीट उतरले नाही तर कोठेच नाही.

गोसीखुर्दच्या परिसरात हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही. वैनगंगेवरील या धरणाची कोनशिला १९८८ साली तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते बसली. पुढे ३३ दरवाजांचे धरण उभे राहिले, पाण्याची पातळी टप्प्याटप्प्याने चढली, आणि भंडारा व नागपूर जिल्ह्यांतील गावांना आपले गावठाण सोडावे लागले. पाणी चढले तो काळ नेमका डिजिटल कॅमेरे घरोघरी पोचण्याचा होता. अशा वेळी कोणी ओसरीचे, कोणी देवळाचे, कोणी विहिरीचे छायाचित्र घेतले असेल, तर ते पुन्हा घेता येणार नाही. ती कार्डे आजही कोठल्या तरी कपाटात पडून असावीत, म्हणूनच हा विषय आम्ही थोडा तपशिलाने मांडतो.

कॅमेऱ्यात प्रकाशाचे रूपांतर आकड्यांत होते. कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली असा पहिला कॅमेरा बनविला. त्यात एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत. आजच्या कार्डात हेच आकडे अतिसूक्ष्म कप्प्यांत विद्युत्भाराच्या रूपाने साठतात. हा भार वर्षानुवर्षे न वापरलेल्या कार्डातून हळूहळू झिरपू शकतो. तेव्हा कार्ड ही तात्पुरती पिशवी आहे, तिजोरी नव्हे.

कार्ड बाहेर काढून त्याच्या कडेची लहान खिट्टी 'लॉक'कडे सरकवावी, म्हणजे चुकून काही पुसले जाण्याची धास्ती बहुधा राहत नाही. मग ते कार्ड रीडरमध्ये घालावे; तो नसल्यास कॅमेरा केबलने जोडला तरी चालते. संगणकावर 'डीसीआयएम' नावाचा फोल्डर दिसतो. बहुतेक सर्व कंपन्यांचे कॅमेरे चित्रे येथेच ठेवतात. तो सबंध फोल्डर 'कॉपी' करावा. 'कट' करू नये, कारण त्यात मूळ प्रत नाहीशी होते आणि नवी प्रत सदोष निघाली तर परत फिरण्यास वाट नसते.

खरा घात होतो तो नावांमुळे. कॅमेरा चित्राला चार अक्षरे व चार आकडे असे नाव देतो, आणि ९९९९ नंतर मोजणी पुन्हा ०००१ वर येते. काही कॅमेऱ्यांत तर कार्ड बदलले की लगेच ०००१ पासून आरंभ होतो. याचा अर्थ असा की, देवळाचे चित्र आणि पुढच्या वर्षीच्या बारशाचे चित्र या दोहोंचे नाव एकच असू शकते. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये टाकू लागलो की संगणक विचारतो, जुन्याच्या जागी नवे ठेवू का? माणूस घाईने 'होय' म्हणतो, आणि देऊळ दुसऱ्यांदा बुडते. दर खेपेला निराळा फोल्डर केला तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

उतरवून झाल्यावर दोन्हीकडची चित्रांची संख्या व एकूण आकार ताडून पाहावा. नुसत्या लहान प्रतिमांच्या रांगेवर विश्वासू नये. ती लहान प्रतिमा फाइलच्या आरंभालाच साठविलेली असते. फाइल अर्धवट उतरली तरी ती स्वच्छ दिसते, आणि चित्र उघडल्यावर मात्र खालचा अर्धा भाग करडा निघतो. चित्रे पूर्ण आकारात उघडून पाहण्याचा कंटाळा करू नये. नंतर संगणकाला 'इजेक्ट' सांगून मगच कार्ड काढावे. दुसरी प्रत निराळ्या हार्ड डिस्कवर घेऊन ती शक्य तर दुसऱ्या घरी, लेकीकडे किंवा भावाकडे ठेवावी. तोवर कार्ड रिकामे करू नये.

चुकून पुसलेच गेले असेल, तर कार्डाचा वापर त्या क्षणी थांबवावा. पुसल्याने बहुधा केवळ यादीतली नोंद जाते. चित्राचे आकडे नवे चित्र त्या जागी बसेपर्यंत राहतात व जाणकाराला पुष्कळदा परत काढता येतात.

एक गोष्ट तारखेची. चित्रासोबत कॅमेरा दिनांक नोंदतो, परंतु बॅटरी फार काळ उतरलेली असली की त्याचे घड्याळ मूळपदावर जाते व भलतेच वर्ष पडते. घर कोणाचे, हे तर त्याला ठाऊकच नसते. गावातल्या जाणत्या मंडळींना पडद्यावर चित्र दाखवावे, आणि ते सांगतील ते गाव, घर व अंदाजे साल फोल्डरच्या नावातच लिहून टाकावे.