कार्ड दिसत नाही? दोष शोधू या!

समजा, दौंड तालुक्यातील कासुर्डीच्या शिवारात हिंडून तुमच्या वर्गाने वर्षभर पक्ष्यांची छायाचित्रे टिपली. ती सारी टपालाच्या तिकिटाएवढ्या एका मेमरी कार्डात साठवली आहेत. विज्ञान प्रदर्शन तोंडावर आले आहे. कार्ड रीडरमध्ये कार्ड बसवून तो तुम्ही लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाला जोडता. पण पडद्यावर काहीच उमटत नाही! "कार्ड बिघडले, फॉरमॅट करा," असा सल्ला कोणीतरी देतोच. तो मुळीच ऐकू नका. फॉरमॅट केल्याने छायाचित्रे कोठे ठेवली आहेत याची नोंदच पुसली जाते. दोष मात्र भलतीकडेच असू शकतो.

घरातला दिवा लागला नाही, तर आपण बल्ब, बटण, फ्यूज एकेक करून तपासतो. येथेही तशीच साखळी आहे: पोर्ट, रीडर, कार्ड आणि कार्डावरील नोंदींची मांडणी. दोष कोणत्या कडीत आहे, हे लिनक्सलाच विचारता येते.

पहिला प्रश्न: संगणकाला रीडर दिसतो का? टर्मिनल उघडून 'एल-एस-यू-एस-बी' ही अक्षरे छोट्या इंग्रजी लिपीत सलग लिहा. जोडलेल्या उपकरणांची यादी येईल. रीडर काढून पुन्हा यादी घ्या. एक ओळ कमी झाली नाही, तर रीडर संगणकापर्यंत पोहोचलाच नव्हता. मग पोर्ट बदलून पाहा. रीडरला पोर्टमधूनच ५ व्होल्टची वीज मिळते. सैल जोडणीमुळे तीही तुटते.

दुसरा प्रश्न: रीडरला कार्ड दिसते का? आता 'एल-एस-बी-एल-के' लिहा. रीडरच्या नावापुढे क्षमता शून्य दिसली, तर रीडर ठीक असूनही कार्ड वाचले जात नाही. कार्डाचे सोनेरी पट्टे कोरड्या मऊ कापडाने पुसा. रीडर फार जुना आहे का, हेही पाहा. २ जीबीपर्यंतच्या जुन्या एसडी कार्डात प्रत्येक बाइटला क्रमांक असे. २००६ साली आलेल्या एसडीएचसी कार्डात ५१२ बाइटच्या गठ्ठ्याला एक क्रमांक दिला जातो. जुन्या रीडरला ही नवी मोजणी कळत नाही. कार्ड उत्तम असते; रीडर तेवढा बदलावा लागतो.

तिसरा प्रश्न: क्षमता बरोबर दिसते, पण कार्ड उघडत नाही, असे का? ३२ जीबीहून मोठ्या एसडी कार्डांवर नोंदी 'एक्सफॅट' पद्धतीने मांडलेल्या असतात. लिनक्सच्या गाभ्यात या पद्धतीची सोय २०१९ साली, ५.४ या आवृत्तीपासून आली. त्याआधीच्या संगणकावर वेगळी आज्ञावली बसवावी लागते. कार्ड वाचता येते पण त्यावर लिहिता येत नाही, असे असेल तर कडेची छोटी 'लॉक' पट्टी सरकलेली असेल.

हे सर्व करताना एक नियम पाळा: एका वेळी एकच गोष्ट बदला. पोर्ट, रीडर आणि कार्ड एकदम बदलले, तर दोष जाईलही; पण तो कोठे होता, हे कळणार नाही. प्रयोगशाळेत आपण हेच करतो, नाही का?

छायाचित्रे हाती आली की प्रथम त्यांची दुसरी प्रत करा. 'इजेक्ट' करूनच कार्ड काढा, आणि मग खुशाल प्रदर्शनाला लागा!