नदीच्या वाळूवरील पंचाण्णव सेकंद

इसवी सन १८९६ च्या फेब्रुवारीच्या २१ तारखेस, दुपार उलटल्यावर, रिओ ग्रांदे नदीच्या वाळवंटावर दोन माणसें उघड्या अंगानें, हातमोजे चढवून समोरासमोर उभीं राहिलीं. नदीच्या एका तीरास अमेरिकेचें टेक्सस संस्थान, दुसऱ्या तीरास मेक्सिको. अशा झुंजी होऊं नयेत म्हणून टेक्ससच्या गव्हर्नरानें कायदेमंडळाची खास बैठक भरविली होती, वॉशिंग्टनच्या काँग्रेसनें निराळा कायदा केला होता आणि मेक्सिकोंतील चिवावा प्रांताच्या गव्हर्नरानें आपले शिपाई सज्ज ठेविले होते. इतका खटाटोप जिच्या आड आला, ती झुंज ९५ सेकंदांत आटोपली. तींत जो चीत झाला, तो आयर्लंडचा पीटर माहेर.

इंग्रजी अक्षरांवरून आपण त्याचें आडनांव ‘माहेर’ असें वाचतों; पण आयर्लंडांत कित्येक लोक तें नुसतें ‘मार’ असें उच्चारतात. मुष्टियोद्ध्यास याहून शोभणारें आडनांव मराठीतहि सुचणार नाहीं!

पीटरचा जन्म १८६९ चा, गॅल्वे परगण्यांतील ट्यूम गांवाकडचा. तरुणपणीं तो डब्लिनच्या एका बियरच्या कारखान्यांत मजुरी करी, आणि तेथूनच त्याच्या उजव्या हाताच्या ठोशाची कीर्ति पसरली. हा काळ मुष्टियुद्धाच्या इतिहासांत मोठ्या पालटाचा होता. जुन्या पद्धतींत मुठी उघड्या असत, प्रतिपक्ष्यास कवेंत धरून आपटण्याचीहि मुभा असे, आणि कोणी खालीं पडला म्हणजे फेरी संपे. १८८९ च्या ८ जुलैस मिसिसिपी संस्थानांत जॉन सलिव्हन आणि जेक किलरेन हे भर उन्हांत दोन तासांहून अधिक वेळ, तब्बल ७५ फेऱ्या लढले; उघड्या मुठींचें तें शेवटचें अजिंक्यपद. पुढें क्वीन्सबरीच्या नांवानें १८६७ सालींच प्रसिद्ध झालेले नियम सर्वत्र रूढ झाले: हातांत मोजे, तीन मिनिटांची फेरी, एक मिनिटाचा विसांवा, आणि पडलेल्यास उठण्यास दहा सेकंद.

या हातमोज्यांस लोक दयेचें चिन्ह समजत. मला तसें वाटत नाहीं. उघड्या मुठीनें कवटीवर प्रहार केला, तर प्रहार करणाराचींच हाडें मोडण्याचें भय. म्हणून जुने योद्धे डोक्यावर बेतानेंच मारीत. मोज्यानें मूठ वांचली, आणि डोकें मात्र अधिक उघडें पडलें. अनेक वर्षें ठोसे खाल्लेल्या मुष्टियोद्ध्यांचे पाय अडखळतात, बोलणें जड होतें, स्मृति मंदावते, हें मार्टलंड नांवाच्या अमेरिकन वैद्यानें १९२८ सालीं लिहून ठेविलें. पीटरच्या पिढीस हें सांगणारें कोणी नव्हतें.

पीटर १८९१ सालीं अमेरिकेस गेला. तेथें आयरिश स्थलांतरितांची दाट वस्ती होती, आणि त्यांच्या दृष्टीनें मुष्टियुद्धाचें रिंगण म्हणजे मान मिळण्याची एक जागा होती. सलिव्हनचे आईबाप आयरिश. १८९२ च्या सप्टेंबरांत त्याला हरविणाऱ्या कॉर्बेटचा बापहि आयरिश. परंतु आयर्लंडच्या मातींत जन्मलेला योद्धा त्यांना पीटरच्या रूपानें मिळाला. त्याच वर्षीं मार्चमध्यें न्यू ऑर्लिन्स येथें त्याची गांठ बॉब फिट्झसिमन्सशीं पडली. हा कॉर्नवॉलमध्यें जन्मलेला, न्यूझीलंडमध्यें वाढलेला लोहार. पाय काटकुळे, खांदे मात्र घणासारखे. पहिल्याच फेरींत पीटरनें त्याला असा हाणला कीं लोहार डगमगला. पण ती संधि निसटली, आणि बाराव्या फेरीअखेर रक्तबंबाळ झालेल्या पीटरनें हार कबूल केली.

अजिंक्यपद त्याला मिळालें तें विचित्र रीतीनें. १८९५ सालीं डॅन स्टुअर्ट नांवाच्या कंत्राटदारानें डॅलस येथें कॉर्बेट व फिट्झसिमन्स यांची झुंज ठरविली. धर्मोपदेशकांनीं ओरड केली, गव्हर्नर कल्बर्सनानें ऑक्टोबरांत कायदेमंडळ बोलावून बक्षिसी झुंजी हा गुन्हा ठरविला, आणि बेत फसला. त्रासलेल्या कॉर्बेटनें निवृत्ति जाहीर केली. न्यूयॉर्कजवळील मॅस्पेथ येथें ११ नोव्हेंबरास पीटर आणि स्टीव्ह ओडोनेल यांची जी झुंज व्हावयाची होती, तिच्या विजेत्यास त्यानें आपलें पद देऊन टाकलें. ओडोनेल हा कॉर्बेटचाच सरावाचा सोबती; दान घरांतच राहील असें दात्याच्या मनांत असावें. पीटरनें सुमारें एका मिनिटांत त्याला लोळविलें. दानानें आलेलें पद आपलें कसें म्हणावें? तें सिद्ध करण्यास फिट्झसिमन्सला पुन्हां हरविणें भाग होतें.

स्टुअर्टनें एल पासो शहर गांठलें व १४ फेब्रुवारी हा दिवस नेमला. जेथें मध्यवर्ती सरकारचा थेट अंमल होता त्या शेजारच्या मुलुखांतहि झुंज होऊं नये, म्हणून काँग्रेसनें घाईनें कायदा केला. त्यांतच वाळवंटाच्या खारट धुळीनें पीटरचे डोळे आले. कित्येकांस तें सोंग वाटलें. झुंज आठवडाभर लांबली. अखेर प्रेक्षकांस गुपचूप आगगाडींत बसवून सुमारें चारशे मैल दूर लँग्ट्री नांवाच्या खेड्यास नेलें. गंमत अशी कीं, झुंज थांबविण्यास नेमलेले टेक्ससचे रेंजर शिपाईहि त्याच गाडीनें आले. तेथें रॉय बीन नांवाचा एक म्हातारा दारूचें दुकान आणि न्यायासन एकाच छपराखालीं चालवी. लिली लँग्ट्री या नटीवर त्याची इतकी भक्ति कीं, दुकानास तिचेंच नांव दिलेलें. त्यानें नदीच्या मेक्सिकोकडील वाळूवर रिंगण उभारविलें आणि तेथवर तात्पुरता पूल बांधविला. तेथें टेक्ससचा कायदा पोंचत नव्हता, आणि मेक्सिकोचे शिपाई दूर होते. पैसे मोजलेले दीड-दोनशे लोक वाळूंत बसले. फुकटे प्रेक्षक आणि रेंजर टेक्ससच्या कड्यावरून पाहत राहिले.

पीटर आवेशानें पुढें सरला. फिट्झसिमन्स एक पाऊल मागें हटला, आणि त्याच्या उजव्या हाताचा आंखूड ठोसा पीटरच्या हनुवटीवर बसला. सिलर या पंचानें दहा आंकडे मोजले. एवढेंच झालें.

पीटर खचला नाहीं. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत त्यानें जो चॉयन्स्की या नामांकित योद्ध्यास सहाव्या फेरींत चीत केलें. १८९७ सालीं टॉम शार्कीबरोबरची त्याची झुंज पोलिसांनीं मध्येंच थांबविली. १९०० च्या पहिल्याच दिवशीं किड मॅकॉयनें त्याला पाचव्या फेरींत हरविलें. त्यानंतर त्याचें नांव मागें पडत गेलें. १९४० सालीं तो बाल्टिमोर येथें वारला.

लँग्ट्रीला हलत्या चित्रांचें यंत्र घेऊन ईनॉक रेक्टर नांवाचा गृहस्थ मुद्दाम आला होता. १८९७ सालीं कार्सन सिटी येथें फिट्झसिमन्सनें कॉर्बेटला हरविलें, तें त्यानें फितीवर उतरविलें. नदीकांठच्या त्या दिवशीं मात्र आभाळ भरून आलें होतें, उजेड पुरेसा नव्हता, आणि यंत्र चाललेंच नाहीं.