पाठीमागचा उजेड : थारला कामाचा दिवा बसवताना

सह्याद्रीतल्या कच्च्या वाटा तुडवणारी मंडळी गाडीच्या पुढच्या दिव्यांवर हौसेने खर्च करतात. बंपरवर एक लाइटबार, काचेच्या वर दुसरा. मागे मात्र कंपनीने दिलेला रिव्हर्सचा दिवा, आणि तोही पावसाळ्यात चिखलाने माखलेला. अडचण तर बहुतेक वेळा मागेच येते. वाट संपली की गाडी मागे घ्यावी लागते. रुतलेल्या सोबत्याला ओढायचा पट्टा बरेचदा मागच्या हुकाला अडकवतात. स्टेपनी मागे, सामान मागे, मुक्कामाचा स्वयंपाकही डिकीच्याच आडोशाला. ट्रॅक्टरवाल्यांनी हे फार पूर्वी ओळखलं. रात्री नांगर किंवा रोटाव्हेटर नीट चालला आहे का, हे दिसावं म्हणून ट्रॅक्टरच्या मडगार्डवर मागे तोंड केलेला दिवा असतो. थार, गुरखा, जिम्नी किंवा जुन्या जिप्सीला तसा दिवा बसवणं अवघड नाही. पण दिवा हा यातला सोपा भाग आहे. खरं काम वायरिंगचं.

दिवा कसला घ्यावा

लांब झोत टाकणारा स्पॉट मागे उपयोगाचा नाही. आपल्याला पाच-दहा मीटरचाच परिसर बघायचा असतो, म्हणून पसरट उजेडाचा फ्लड घ्यावा. १८ वॅटचे दोन एलईडी पुरतात. रिव्हर्सचा नेहमीचा बल्ब २१ वॅटचा असतो, पण तेवढ्याच विजेत एलईडी कितीतरी जास्त उजेड देतो. खोक्यावर छापलेल्या वॅटवर विसंबू नका. स्वस्त मालात तो आकडा अनेकदा फुगवलेला असतो. दुकानातच मीटर लावून तो किती अँपिअर ओढतो ते पाहावं.

निळसर पांढरा, ६००० केल्व्हिनचा उजेड धुक्यात आणि धुळीत उलटा डोळ्यांवर येतो. ४००० च्या आसपासचा किंवा पिवळसर उजेड डोळ्यांना सुसह्य वाटतो. खोक्यावर आयपी ६७ हवंच. यातला ६ म्हणजे धूळ आत जात नाही आणि ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी दिवा तगतो. ओढा ओलांडताना मागचा बंपर पाण्यात जातो, तेव्हा याची किंमत कळते.

कुठे बसवावा

या चारही गाड्यांची स्टेपनी मागच्या दारावर आहे, आणि तिथेच सगळा पेच आहे. एकच दिवा एका बाजूला लावला की चाकाची भलीमोठी सावली दुसऱ्या बाजूला पडते. दोन बाजूंना दोन दिवे लावले की ती बरीच पुसली जाते.

उंचीचा विचार त्याहून महत्त्वाचा. दिवा छतावर असला की उजेड वरून सरळ पडतो. तंबू ठोकायला, सामान काढायला तो उत्तम. पण गाडी मागे घेताना तोच उजेड जमीन सपाट दाखवतो आणि फूटभर खोल चाकोरी दिसतच नाही. बंपरच्या उंचीवरून उजेड आडवा जातो, प्रत्येक दगडामागे आणि खड्ड्यात सावली पडते आणि जमिनीचा चढउतार लगेच वाचता येतो. मी तरी बंपरच्या दोन कोपऱ्यांनाच कौल देईन. सायलेन्सरच्या तोंडापासून दूर, टायरच्या चिखलाच्या माऱ्यातून थोडं आत आणि किंचित खाली झुकवून. रिव्हर्स कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी मात्र नको, नाहीतर पावसाचा प्रत्येक थेंब पडद्यावर चमकतो. हुकात शॅकल अडकवणाऱ्याच्या डोळ्यांवर बंपरचा दिवा येतो, तेव्हा तो बंद करून डोक्यावरची बॅटरी वापरावी.

बोल्टला नायलॉक नट आणि खाली रबरी वॉशर लावा. साधा नट खडबडीत वाटेवर हादऱ्यांनी सैल होतो.

वायर, फ्यूज, रिले

हिशोब सोपा आहे. १८ वॅटचे दोन दिवे म्हणजे ३६ वॅट. १२ व्होल्टला तीन अँपिअर. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि ५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. एवढ्या प्रवाहाला याहून बारीक वायरही चालली असती, पण चासीवरून मागे जाताना ती घासते, ताणली जाते, म्हणून जाड घ्यावी. त्याच वायरवर जुने ५५ वॅटचे हॅलोजन मात्र लावू नका. दोन मिळून नऊ अँपिअरच्या वर जातात आणि वाटेत व्होल्टेज पडून उजेडही मरतो.

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा. वायर पुढे कुठेही पत्र्याला टेकली तरी आग लागण्याआधी फ्यूज उडावा, यासाठी ही धडपड. फ्यूज मागे दिव्याजवळ लावणारे कारागीर भेटतात. त्याने दिवा वाचेल, वायर नाही.

रिलेचे चार पाय असे जोडतात: ३० वर फ्यूजमधून आलेली बॅटरीची वायर, ८७ वरून दिव्याकडे, ८६ वर स्विचमधून येणारा करंट, ८५ अर्थला. नव्या गाड्यांत बरंच काही कॉम्प्युटर सांभाळतो, तेव्हा डायोडवाला रिले घ्यावा आणि ८६-८५ ची अदलाबदल होऊ देऊ नये. कंपनीची वायर सोलून पिळ घालायचा आणि वर चिकटपट्टी गुंडाळायची, हा प्रकार तर नकोच. पहिल्या पावसात तिथे हिरवं किटण चढतं आणि वॉरंटीचाही वाद होतो. थिंबल क्रिम्प करा, वर हीट श्रिंक चढवा.

अर्थ घेताना रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. दिवा फायबरच्या छतावर असेल तर छतातून अर्थ मिळणार नाही, वेगळी काळी वायर खाली आणावी लागेल.

दाराची बिजागरी

दिवे दारावर बसवलेत तर वायर बिजागरीपाशीच तुटते. दार दरवेळी उघडताना ती त्याच जागी वाकते आणि आतली एकेक तार तुटत जाते. कंपनीच्या वायरी जिथून जातात, त्याच रबरी नळीतून बारीक तारांची मऊ वायर ओवावी. दार पूर्ण उघडून लांबी ठरवा, बोटभर ढील ठेवा, मगच टाय आवळा. बंपरवर दिवे लावल्यास ही कटकटच उरत नाही.

स्विच

मध्ये बंद आणि दोन्ही बाजूंना चालू असा तीन जागांचा स्विच घ्या. एका बाजूला रिव्हर्स गिअर पडला की दिवा आपोआप लागेल, दुसऱ्या बाजूला कायम चालू. रिव्हर्सच्या वायरवरून फक्त रिलेचा इशारा घ्यायचा, दिव्याचा भार नाही. स्विचमध्ये छोटा लाल दिवा हवाच, कारण मागचा दिवा चालकाला दिसत नाही आणि तो बंद करायचा राहून जातो. ६० अँपिअर-तासांची बॅटरी धरली तरी रात्रभर, म्हणजे दहा तास दिवा चालू राहिला, तर निम्मी बॅटरी संपते. सकाळी गाडी धक्क्यावरच.

डांबरी रस्त्यावर

पुढे पांढरा, मागे लाल या खुणेवर रात्रीची सगळी वाहतूक चालते. मागून येणाऱ्याला पांढरा उजेड दिसला की समोरून वाहन येतंय असं त्याला वाटतं, शिवाय डोळे दिपतात ते वेगळंच. रिव्हर्स सोडून मागे पांढरा दिवा लावून रस्त्यावर गाडी चालवणं नियमात बसत नाही. त्यामुळे दिव्यांना काळं झाकण घाला आणि कच्ची वाट संपून डांबर लागलं की आधी स्विच बंद आहे ना ते बघा, मगच गिअर टाका.